धरणांची निगा आणि दुष्काळनिवारण

(दुष्काळनिवारण समितीच्या दोडामार्ग येथील वर्गणीदारांच्या सभेंत झालेलें भाषण, समितीच्या विनंतिपत्रकासह व अहवालासह प्रसिद्ध केलें आहे.)



समितीच्या चिटणिसांनीं आज आम्हांस बोलण्याची विनंति केली, आणि विषयही त्यांनींच नेमून दिला. तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. दुष्काळनिवारण समिति म्हटली म्हणजे धान्य, वैरण, कपडालत्ता आणि पिण्याच्या पाण्याची सोय हीं तिचीं कामें. धरणें धड आहेत कीं नाहींत हें पाहणें सरकारच्या जलसंपदा खात्याचें काम. मग वर्गणीदारांपुढें हें धरणाचें पुराण कशासाठीं? आक्षेप रास्त आहे. आणि व्यापारी मनुष्यानें थैलीची गांठ सोडण्यापूर्वीं तो घ्यावा हें त्याहूनही रास्त. म्हणून आम्ही प्रथम त्याचेंच उत्तर देतों.

आपल्या प्रांतीं पाऊस थोडा पडतो असें कोणी म्हणणार नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. आंबोलीस तर त्याच्या दुप्पट. तथापि शिमगा उलटला कीं जांभ्याच्या कातळावरील वाड्यांच्या विहिरी तळ गांठूं लागतात, आणि वैशाखांत एका घागरीसाठीं कोस-कोस चालावें लागतें. पाऊस डोंगरावरून उतरतो तो थेट खाडीची वाट धरतो. मध्यें त्यास अडविणारा कोणी असेल तरच तो आपला. देशावरचा दुष्काळ आभाळांतून येतो, कोंकणांतला दुष्काळ सांठा नसल्यामुळें येतो. एवढें मान्य केलें म्हणजे पुढची गोष्ट उघड आहे. ज्या पाळीनें पाणी अडविलें आहे ती पाळ गेली, तर पूर एका दिवसाचा आणि दुष्काळ पुढच्या मिरगापर्यंतचा. पुराच्या वेळीं मदतीचा ओघ सर्व बाजूंनीं येतो. मागाहून येणाऱ्या त्या कोरड्या महिन्यांकडे मात्र कोणी फारसें पाहत नाहीं. तें पाहणें या समितीचें काम आहे.

पुणें शहराचें उदाहरण आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे, पण त्याची एक बाजू बहुधा विसरली जाते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें. तें नवें होतें. पाणी सोडण्याच्या मोरीचें काम पुरें झालेलें नसतां त्या पावसाळ्यांत जलाशय भरत गेला, आणि भराव खचूं लागला. सैन्याच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून पाळ थोपवून धरली, म्हणून तें सकाळपर्यंत टिकलें. रात्रीं फुटतें तर मृतांची गणना कोठें गेली असती, हें सांगवत नाहीं. त्याचा लोंढा खालीं खडकवासल्यावर आला. खडकवासल्याचें धरण दगडी, कर्नल फाइफ यांनीं आंखलेलें, १८६९ सालीं बांधावयास घेतलेलें, आणि पुणें शहर तीन पिढ्या त्याचें पाणी पीत होतें. त्या जुन्या धरणानें स्वतः कांहीं वांकडें केलें नव्हतें. वरच्याची चूक त्याच्या माथीं आली, आणि दुपारीं तेंही फुटलें. मुठेच्या कांठचीं घरें, दुकानें, पेढ्या, ग्रंथसंग्रह वाहून गेले, हें सर्वांस स्मरतें. परंतु ज्या शहराचे रस्ते सकाळीं पाण्याखालीं होते त्याच शहराचे नळ दुसऱ्या दिवशीं कोरडे होते, हें आम्हांस अधिक विचार करण्यासारखें वाटतें. चौकशीसाठीं न्यायमूर्ति बावडेकर आणि त्यांच्यामागून न्यायमूर्ति नाईक यांची नेमणूक झाली. चौकशीनें दोष कळतो. वाहून गेलेलें पाणी परत येत नाहीं.

हें पुण्याचें झालें. आतां आपल्या दाराशीं यावें. तिलारीच्या पाण्याबाबत महाराष्ट्र आणि गोवा यांच्यामध्यें १९९० सालीं करार झाला, व शेंकडा ७३.३० हिस्सा गोव्याकडे आणि २६.७० आपणांकडे असा वांटा ठरला. पाट्ये, शिरंगे, आयनोडे, सरगवे इत्यादि गांवें त्या जलाशयासाठीं उठलीं. त्या गांवांचे लोक आज या सभेंतही असतील, आणि त्यांनीं काय दिलें हें त्यांना आम्हीं सांगावयास नको. पेडण्यांतील चांदेल व बार्देशांतील अस्नोडा येथील जलशुद्धीकरण केंद्रें या पाण्यावर अवलंबून आहेत. कालव्यास भगदाड पडलें कीं तिकडे नळ बंद होतात व इकडे शेतांत, बागांत माती आणि दगड पसरतात. असें एकदां नव्हे, अनेकदां झालेलें आहे. २०१९ च्या ऑगस्टांत नदीकांठच्या वस्तींत पाणी शिरलें तें आपल्याकडेही आणि सीमेपलीकडेही. करारांतले टक्के पाण्यास लागू पडतात. लोंढा टक्के पाहत नाहीं. तो आधीं भेडशी, कुडासे, मणेरी पाहतो आणि मग गोव्यांत उतरतो. शिवाय या जलाशयाच्या वर, चंदगडच्या पठारावर, वीजनिर्मितीसाठीं बांधलेलें आणखी एक धरण आहे. एकाच्या डोक्यावर दुसरें, ही पानशेत-खडकवासल्याची मांडणी आपल्या घरींही आहे, एवढें ध्यानांत ठेवावें. यावरून तिलारीचें धरण धोक्यांत आहे असें कोणीं समजूं नये; तसें आम्ही म्हणत नाहीं. मोठ्या धरणास अभियंते आहेत, मोजमापाचीं यंत्रें आहेत, कायद्याचा पहारा आहे. आमचें मुख्य लक्ष आहे तें त्याहून लहान व त्याहून जुन्या कामांकडे. गांवोगांवचे तलाव, बंधारे, मातीच्या पाळी यांना पगारी मनुष्य मिळत नाहीं, आणि दोन-चार वाड्यांचें पिण्याचें पाणी त्यांच्याच आधारावर आहे.

मातीची पाळ फुटते कशी, हें दात्यांनीं समजून घेणें अवश्य आहे. कारण त्याशिवाय आपला पैसा कोठें जाणार हें त्यांस कळणार नाहीं. लोक समजतात कीं पाणी पाळीला ढकलतें आणि पाळ पडते. असें क्वचितच होतें. पहिला प्रकार असा कीं, पाणी पाळीवरून वाहूं लागतें. दगडी भिंतीवरून पाणी गेलें तर भिंत बहुधा सोसते. मातीवरून गेलें तर कांहीं तासांत ती कापून नेतें. म्हणून प्रत्येक तलावास सांडवा ठेवलेला असतो. सांडवा म्हणजे तलावाचें नाक. त्यांत झुडुपें वाढलीं, कोणीं चार टोपल्या दगड टाकून वाट केली, किंवा अधिक पाणी सांठावें म्हणून हौसेनें फळ्या लावल्या, कीं तलावाचा श्वास कोंडतो. फळ्या लावणारे पुष्कळदां चांगल्या हेतूचे असतात. हा सर्वांत सामान्य अपराध आहे, आणि तो सर्वांत स्वस्तांत टाळतां येतो.

दुसरा प्रकार आंतून होतो. प्रत्येक मातीची पाळ थोडी पाझरते. पाझर दिसला म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. पाझराचें पाणी नितळ आहे आणि दरसाल, तलावाच्या सारख्याच पातळीस, सारखेंच येतें, तोंपर्यंत पाळ सुखरूप समजावी. ज्या दिवशीं तें गढूळ झालें त्या दिवशीं पाळीची माती आंतून वाहूं लागली असें समजावें. प्रथम बोटाएवढी वाट होते, मग मनगटाएवढी. आणि वरून पाळ जशीच्या तशी हिरवीगार दिसत असतां पोटांत बोगदा तयार होतो. विशेषतः जेथें मोरीचें दगडी किंवा काँक्रीटचें बांधकाम मातीशीं भिडतें, तेथें ही वाट लौकर सांपडते. झाडाचें मूळ कुजलें कीं त्याची पोकळी उरते. घूस, साळिंदर, खेंकडा यांचीं बिळें हींही आयते मार्ग. अशा वेळीं गांवकरी घाईघाईनें बाहेरच्या अंगास चिकणमाती किंवा सिमेंट थापतात. हें फार घातक आहे. पाणी बाहेर पडण्याचें बंद झालें कीं आंत दाब वाढतो व पाळ दुसरीकडे फुगते. जाणते लोक त्या जागीं वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर मोठे दगड असा थर देतात. म्हणजे पाणी निघून जातें आणि माती मागें राहते. हें तात्पुरतें काम झालें. लगेच अभियंत्यास बोलवावें आणि तलावाची पातळी उतरवावी. पातळी उतरवावयाची तर मोरीचें दार उघडलें पाहिजे. तें दार दहा वर्षांत कोणीं हलविलेलें नसतें, आणि त्याच्या दांड्यास गंज चढून तो एकजीव झालेला असतो.

रत्नागिरी जिल्ह्यांत, चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथें २ जुलै २०१९ च्या रात्रीं मातीचें धरण फुटलें आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसांहून अधिक माणसें गेलीं. तें धरण कांहीं शतकाचें जुनें नव्हतें. पुरतीं वीस वर्षेंही झालीं नसतील. गांवच्या लोकांनीं गळतीची तक्रार आधींच केली होती. फुटल्यावर खेंकड्यांनीं धरण पोखरलें असा एक खुलासा मोठ्या अधिकारपदावरून देण्यांत आला, व त्यावर सर्व महाराष्ट्र हंसला. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें थोडेंच दिसलें. खेंकडे बिळें करतात हें खरें आहे. परंतु बिळें पाहून तीं बुजविण्यास वर्षांतून एकदां माणूस पाठवावा लागतो, हेंही तितकेंच खरें. आणि खेंकड्यांवर फिर्याद चालत नाहीं. कोणाचें म्हातारपण किती, हा प्रश्न धरणाच्या बाबतींत दुय्यम आहे. वीस वर्षांचें धरण जातें.

आणि पांचशें वर्षांचें टिकतें. मालवण तालुक्यांतील धामापूरचा तलाव आपण पाहिलाच आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनीं तो १५३० सालीं बांधविला असें सांगतात. दोन डोंगरांच्या मध्यें मातीची पाळ, कांठावर भगवतीचें देऊळ, पायऱ्या थेट पाण्यांत उतरलेल्या. मालवण शहराची नळपाणी योजना याच तलावावर आहे. सिंचनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानें २०२० सालीं जगांतील वारसास्थळांत त्याची गणना केली. हा तलाव एवढा टिकला यास जागेची निवड, पाणलोट लहान असणें, माथ्यावरचें रान अशीं अनेक कारणें अभियंते सांगतील, आणि तीं बरोबरच असतील. आमचें एक साधें मत आहे. देऊळ पाण्याशीं असल्यामुळें तेथें दररोज माणूस जातो. पुजारी जातो, भाविक जातात, पोहणारीं मुलें जातात. पाळीला भेग पडली तर संध्याकाळपर्यंत गांवांत बोभाटा होतो. रानांत एकट्या पडलेल्या तलावास हा पहारा नाहीं, म्हणून त्यास पगारी डोळे लागतात. धामापूरची दंतकथा आपणांस ठाऊक असेल. फुलांचे दागिने परडींत घालून पाण्यांत सोडले आणि देवीची प्रार्थना केली कीं सोन्याचे दागिने वर येत. लग्नकार्य झालें कीं ते परत करावयाचे. कोणी एकानें परत केले नाहींत, आणि तेव्हांपासून तें बंद झालें. कायद्याच्या भाषेंत याला सशर्त उसनवारी म्हणावें लागेल.

आतां, देखभालीस पैसा मिळत कां नाहीं? याचें उत्तर दुष्काळाच्याच इतिहासांत आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळापासून तलाव व कालवे खणणें हें दुष्काळी मजुरीचें एक प्रमुख साधन झालें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत जागोजागीं पाझर तलाव निघाले. लक्षावधि लोकांच्या तोंडांत त्या कामानें घांस पडला, आणि पुढें रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. हें फार मोठें कार्य होतें. पण त्या कामाचा हिशेब होता तो मजुरीच्या दिवसांचा. किती माणसें किती दिवस जगलीं, हें पाहिलें गेलें. आणि दुष्काळ सरला कीं मजूर घरीं गेले, हजेरीपट बंद झाला, तलाव मागें राहिला. त्याच्या पुढल्या पन्नास वर्षांची तरतूद कोणत्याच रकान्यांत नव्हती. अशा रीतीनें अनेक तलाव हीं दुष्काळनिवारणाचींच अपत्यें आहेत, व तीं पोरकीं झालीं आहेत. तेव्हां त्यांचें पालकत्व अशा समितीनें पत्करावें यांत विषयांतर कसलें? नवा तलाव बांधावयाचा म्हटला कीं कोनशिला बसते, नांव कोरलें जातें, फोटो निघतो. जुन्या सांडव्यांतील घाणेरीचें झुडूप उपटल्याबद्दल कोणाचा सत्कार झालेला आम्हीं ऐकला नाहीं.

आम्ही वकिलीचा धंदा करतों, तेव्हां कायद्याविषयीं चार शब्द बोलल्यावांचून आपण आम्हांस सोडणार नाहीं. १८६८ सालीं विलायतेंत हाउस ऑफ लॉर्ड्सनें रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या दाव्यांत एक प्रसिद्ध निकाल दिला. एका गिरणीवाल्यानें आपल्यासाठीं तलाव बांधला. त्यांतील पाणी जुन्या खाणीच्या वाटांनीं शेजाऱ्याच्या खाणींत उतरलें. निकाल असा झाला कीं, जो मनुष्य आपल्या सोयीसाठीं अशी अनर्थकारक वस्तु आपल्या जमिनींत सांठवितो, त्यानें ती निसटल्यास हयगय नसतांही भरपाई दिली पाहिजे. पुढें १८७४ सालीं असाच प्रश्न आपल्या देशांतून प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला. मद्रासकडील कार्वेटनगरच्या जमीनदारींतले दोन तलाव अतिवृष्टीनें फुटले व रेल्वेचें नुकसान झालें. कंपनीनें जमीनदारावर दावा लावला. न्यायाधीशांनीं विलायतेचा नियम येथें जशाचा तसा लागू केला नाहीं. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, हिंदुस्थानांतील हे जुने तलाव रयतेच्या पोटासाठीं आहेत. जमीनदारास ते मोडून टाकण्याचा हक्क नाहीं, ते राखण्याचें कर्तव्य आहे. म्हणून हयगय सिद्ध झाली तरच तो जबाबदार. आणि त्या जमीनदारानें हयगय केली नव्हती, म्हणून तो सुटला. जमीनदार मंडळींनीं हा निकाल ऐकून निश्चिंत होऊं नये. संरक्षण मिळालें तें तलाव राखणाऱ्यास मिळालें.

अलीकडे धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा केंद्राचा कायदा त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर अंमलांत आला. त्यानें प्रत्येक धरणाची पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासणी करणें, संकटकाळची योजना पांच वर्षांच्या आंत तयार करणें, खालच्या लोकांस इशारा देण्याची व्यवस्था ठेवणें हीं कामें धरणाच्या मालकावर घातलीं आहेत. कायदा चांगला आहे. परंतु तो लागू होतो पंधरा मीटरांहून उंच धरणांस. आणि दहा ते पंधरा मीटरांच्या धरणांपैकीं जीं लांबीनें, सांठ्यानें किंवा अन्य ठराविक कारणांनीं मोठीं ठरतात त्यांस. आठ मीटरांच्या पाळीखालीं राहणाऱ्या वाडीस त्या कायद्याचें छत्र नाहीं. आठ मीटर म्हणजे कौलारू घराच्या आढ्याहून उंच. तेवढें पाणी रात्रीं झोपलेल्या माणसावर आलें तर तें कायद्याच्या व्याख्येंत बसतें कीं नाहीं, हें पाहण्यास तो उरत नाहीं.

येथें श्रीमंतांच्या एका तलावाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ऐकणारे आपण धनिक आहां. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतीं जॉन्सटाउन नांवाचें कारखान्यांचें शहर होतें. त्याच्यावर डोंगरांत साउथ फोर्क येथें एक जुनें मातीचें धरण होतें. पिट्सबर्गच्या लक्षाधीशांच्या एका मंडळानें तें मासे धरण्यासाठीं व उन्हाळी हवेसाठीं घेतलें. तलाव रिकामा करण्याचे लोखंडी नळ आधींच्या मालकानें काढून मोडींत विकले होते. ते यांनीं परत बसविले नाहींत. दोन गाड्यांना रस्ता हवा म्हणून पाळीचा माथा उतरविला. विकत आणलेले मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावल्या. मग ३१ मे १८८९ रोजीं मोठा पाऊस झाला, जाळ्यांत काटक्याकुटक्या अडकल्या, पाणी पाळीवर चढलें, आणि त्या दुपारीं २,२०९ माणसें मेलीं. मंडळाच्या सभासदांनीं मागाहून मदत पाठविली. कोर्टांत त्यांच्यावर कांहीं शाबीत झालें नाहीं. नळ पुन्हां बसविण्यास जें लागलें असतें त्याच्या तुलनेनें ती मदत मोठी होती कीं लहान, याचा हिशेब आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनींच करावा.

आतां मागणें. समितीनें धान्यनिधीपासून अगदीं वेगळा असा एक देखभाल निधि काढण्याचें ठरविलें आहे. वेगळा कां, तेंही सांगतों. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याप्रमाणें गरिबांचें दुःखनिवारण आणि सर्वसाधारण लोकोपयोग हे दोन्ही धर्मादाय हेतूंतच येतात. तरी अन्नासाठीं दिलेला रुपया मातीवर खर्च झाला असें दात्याच्या मनांत राहूं नये, व उद्यां दुष्काळ आला असतां धान्याच्या पैशास हात लागलेला नसावा. ज्यानें ज्यासाठीं दिलें त्यासाठींच तें खर्च होईल. जमाखर्च दरसाल या अहवालांतच छापला जाईल.

या निधींतून समिति स्वतः कोठें धरण बांधणार नाहीं, कीं सरकारी धरणावर कुदळही मारणार नाहीं. तसा तिला अधिकार नाहीं, आणि अज्ञानानें मारलेली कुदळ गळतीहून वाईट. ग्रामपंचायतींच्या व जिल्हा परिषदेच्या लहान तलावांवर, त्यांची लेखी परवानगी घेऊन, जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालीं, अक्षय तृतीयेपासून मिरगापर्यंतच्या दिवसांत सांडवे मोकळे करावयाचे, पाळीवरचीं रोपें कोंवळीं असतांच उपटावयाचीं, बिळें खणून नीट कुटून भरावयाचीं, मोरीचें दार तेल घालून एकदां उघडून मिटून पाहावयाचें. मोठीं झाडें मात्र तोडावयाचीं नाहींत. खोड तोडून मुळें आंत कुजत ठेवणें हें झाड ठेवण्याहून घातक, म्हणून त्यांचा निर्णय अभियंता देईल. पावसाचे चार महिने प्रत्येक तलावावर एक राखणदार ठेवावयाचा. त्यानें रोज दोन गोष्टी वहींत लिहावयाच्या: पाणी किती चढलें, आणि पाझर किती व कसा आहे. पाझर मोजण्यास त्रिकोणी खांचेची एक फळी पुरते, ती गांवचा सुतार करून देईल. गढूळ हा शब्द वहींत पहिल्यांदा पडला कीं त्याच घटकेस दूरध्वनि जावा आणि खालच्या वाडींत घंटा वाजावी. घंटा वाजल्यावर कोणीं कोणत्या उंचवट्यावर जावयाचें, म्हाताऱ्यांस कोणीं न्यावयाचें, गुरांचीं दावीं कोणीं सोडावयाचीं, हें पाऊस लागण्यापूर्वीं ठरलेलें असावें. मोठ्या धरणांविषयीं समितीस एवढेंच करतां येईल कीं, तपासणीचे अहवाल व संकटकाळची योजना माहितीच्या अधिकाराखालीं मागून घेऊन तीं मराठींत, नदीकांठच्या प्रत्येक गांवांत वाचून दाखवावीं. कागद कचेरींत असला म्हणजे इशारा गांवांत पोंचला असें होत नाहीं.

सुपारी, नारळ, काजू, केळी, अननस, रबर यांवर ज्यांचा चरितार्थ आहे त्या बागाईतदारांनीं आपल्या बागेवर ज्या तलावाचें किंवा पाटाचें पाणी येतें, त्यासाठीं दरसाल बागेंतील दोन दिवसांची सगळी मजुरी या निधीस द्यावी, असें आमचें मागणें आहे. पैसा नको असेल तर मजूर द्यावेत, कुदळीफावड्यांसह. बाजारपेठेंतील व्यापाऱ्यांनीं एकेक राखणदाराचा चार महिन्यांचा पगार उचलावा. राखणदार त्याच गांवचा असावा, आणि शक्य तर पाळीच्या खालच्या वाडींत राहणारा असावा, म्हणजे त्यास झोंप सावध लागेल. गोव्यांत ज्यांचीं दुकानें व कारखाने आहेत, ज्यांचा नळ तिलारीवर चालतो, त्यांनीं हद्द मनांत आणूं नये. कोनशिला बसविली जाणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. ज्यांस नांव हवें त्यांनीं धान्यनिधीस द्यावें, तेथें यादी छापली जाते.

या मेजावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकींत रकमेचे आंकडे घालावयाचे आहेत. दुसरींत आपल्या गांवांतील तलावाचें नांव, त्याचा सांडवा कोणत्या अंगास आहे, मोरीचें दार शेवटीं केव्हां उघडलें होतें आणि खालीं किती घरें आहेत, एवढें लिहावयाचें आहे. दुसरी वही आधीं भरावी. ज्यांस मोरीच्या दाराचा रकाना भरतां येणार नाहीं त्यांनीं तो कोरा ठेवावा. पहिली तपासणी त्या तलावांपासून सुरू होईल, आणि तींत बरोबर येण्यास जे तयार असतील त्यांनीं आपलें नांव चिटणिसांकडे देऊन जावें.